दोरा मी बांधला होता

रामबागेतल्या आमच्या घरात दिवेलागणीला करुणात्रिपदी म्हणण्याचा प्रघात माझ्या जन्माआधीपासून आहे. ही तीन पदे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबेस्वामी, यांची. पण इंदूरच्या मराठी घरांमध्ये ती इतकी रुजली ती त्यांचे शिष्य नानामहाराज तराणेकर यांच्यामुळे. आई निरांजन ओवाळत असे आणि आम्ही भावंडे शाळेचे कपडेही न बदलता उभी राहून ‘शांत हो श्रीगुरुदत्ता, मम चित्ता शमवी आता’ म्हणत असू. ही ओळ मी अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी पाठ केली, आणि पाठ झालेल्या गोष्टींचे जे होते तेच तिचे झाले: ती ओठांवर राहिली, आत उतरली नाही. वयाची साठी उलटल्यावर, एका रशियन कादंबरीचे एक प्रकरण वाचून झाल्यावर, मी पहिल्यांदा थांबून तिचा विचार केला.

अस्वस्थ आहे ते म्हणणाऱ्याचे चित्त, आणि तरी तो आधी दत्तगुरूंना शांत व्हायला सांगतो, कारण आपल्या हातून अपराध झाला आहे आणि समोरचा दुखावला आहे हे त्याला ठाऊक आहे. पुढे तेच पद म्हणते, की अपराधाबद्दल तू दंड केलास तरी तो यथार्थच असेल आणि आम्ही तुझ्याच चरणी माथा नमवू. म्हणजे मन निवण्याची वाट कबुलीतून आणि वाकलेल्या डोक्यातून जाते, एवढे मला उमगले. पण ज्याचा अपराध केला तो देव नसून माणूस असेल, आणि तोही आपल्या हाताखालचा, तर माथा कोणाच्या पायांवर ठेवायचा, हा प्रश्न त्रिपदी म्हणताना मला कधी पडला नव्हता. तो कादंबरीने विचारला.

ती कादंबरी म्हणजे दोस्तोयेव्हस्कीची ‘द ब्रदर्स कारामाझोव’. पुण्याला असलेल्या मुलीने तिचा इंग्रजी अनुवाद घरी ठेवला होता. २०१९ च्या पावसाळ्यात, शब्दकोश शेजारी घेऊन, रोज दहा-बारा पाने या गतीने मी तो वाचला. १८७९ आणि १८८० या दोन वर्षांत ती एका रशियन मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १८८१ च्या आरंभी लेखक वारला. तिच्या आधीची एक गोष्ट मला विसरता येत नाही. १८७८ च्या मे महिन्यात त्याचा तीन वर्षांचाही न झालेला मुलगा अपस्माराने गेला. मुलाचे नाव अल्योशा. त्यानंतर काही आठवड्यांतच तो ऑप्तिना या मठात गेला, तिथल्या अम्व्रोसी नावाच्या वृद्ध साधूला भेटला, आणि परत येऊन जी कादंबरी लिहिली तिच्यातल्या सर्वांत प्रेमळ भावाला त्याने आपल्या गेलेल्या लेकराचे नाव दिले. एवढे दुःख ज्याच्या पाठीशी आहे, त्याने क्षमेवर लिहिलेला शब्द मी पारखून न घेता स्वीकारतो.

आध्यात्मिक म्हणवणाऱ्या पुष्कळ गोष्टी मी वाचल्या आहेत आणि प्रवचनांतून ऐकल्या आहेत. तापट नायक घर सोडतो, नदीकाठी त्याला गुरू भेटतो, साधना होते, आणि कापूर उडून जावा तसा त्याचा राग उडून जातो. त्या गोष्टींबद्दल मला आदर आहे, परंतु पुस्तक मिटताना एक बोच राहते. ज्यांच्यावर तो राग निघाला ती माणसे पुन्हा गोष्टीत येत नाहीत. नायकाला शांती लाभते आणि मार खाल्लेला माणूस पहिल्याच प्रकरणात राहून जातो. लहानपणी वाल्या कोळ्याची गोष्ट ऐकताना, रांजणातल्या त्या खड्यांची नावे काय होती, असे मी आईला विचारले होते. आईने उत्तर दिले नाही, पण ती प्रश्नावर हसलीही नाही.

दोस्तोयेव्हस्कीच्या कादंबरीत मार खाल्लेल्या माणसाला नाव आहे. त्याचे नाव अफानासी.

मठातला वृद्ध झोसिमा, अल्योशाचा गुरू, मृत्यूपूर्वीच्या अखेरच्या बैठकीत आपल्या तरुणपणाची हकिकत सांगतो. तेव्हा तो लष्करात अधिकारी होता. एका मुलीवर त्याचे मन जडले होते. तो दोन महिने बाहेरगावी गेला आणि परतला तेव्हा तिचे लग्न झालेले होते. मग त्याला कळले, की ते लग्न कधीच ठरलेले होते, सर्वांना ठाऊक होते, आणि केवळ स्वतःच्या अहंकाराने आंधळा झाल्यामुळे त्यालाच ते दिसले नव्हते. या शरमेचे त्याने रागात रूपांतर केले, तिच्या नवऱ्याचा चारचौघांत अपमान केला आणि द्वंद्वयुद्ध ठरले. आदल्या संध्याकाळी तो घरी आला तो असा धुमसतच, आणि सेवेला दिलेल्या शिपायावर, अफानासीवर, कुठल्याशा क्षुल्लक निमित्ताने त्याचा हात सुटला. सर्व ताकदीनिशी दोन तडाखे, तोंडातून रक्त येईपर्यंत. शिपाई सरळ उभा राहिला, हात खाली, डोळे मालकावर. तोंड वाचवायला हात वर करण्याची त्याची हिंमत झाली नाही.

पहाटे झोसिमाला जाग येते. खिडकीबाहेर बाग आहे, ऊन कोवळे आहे, पाखरे बोलत आहेत, आणि त्याच्या मनात काहीतरी नीच, लाजिरवाणे सलत आहे. आज मरावे लागेल याची ती भीती आहे का, असे तो स्वतःला विचारतो. नाही. सलते आहे ते कालचे मारणे. मग तो अफानासीच्या खोलीत जातो आणि म्हणतो, काल मी तुला दोनदा मारले, मला क्षमा कर. अफानासी दचकून नुसता बघत राहतो. तेव्हा झोसिमाच्या ध्यानात येते, की एवढे पुरेसे नाही. आणि तो, खांद्यांवर अधिकाऱ्याची चिन्हे असलेल्या त्याच गणवेशात, शिपायाच्या पायांशी जमिनीवर डोके टेकवतो. अफानासी खिडकीकडे वळतो, दोन्ही हातांनी तोंड झाकतो आणि सगळे अंग थरथरून रडतो. त्यानंतर द्वंद्वयुद्ध होते, प्रतिपक्षाची गोळी झोसिमाच्या गालाला आणि कानाला चाटून जाते, तो आपले पिस्तूल रानात भिरकावून देतो, राजीनामा देतो, मठात जातो. पण माझ्या मते हे सगळे नंतरचे आहे. घडायचे ते त्या नोकराच्या खोलीत घडून गेले होते.

हे वाचून मी पुस्तक उपडे ठेवले आणि बराच वेळ ओसरीवर बसलो. आमच्याकडे पायांवर डोके ठेवण्याची रीत आहे, आणि ती चांगली रीत आहे. सकाळी आईच्या पाया पडावे, सणाला मोठ्यांच्या, परीक्षेला जाताना देवाच्या. परंतु नमस्कार नेहमी वर जातो. राग मात्र नेहमी खाली येतो. पाण्यासारखा उतार शोधत, जिथे उलट बोलणारे कोणी नाही तिथे जाऊन साचतो. या दोन दिशांचा मी एकत्र विचार कधी केला नव्हता.

आता माझे सांगतो.

आमचा छापखाना घराच्या मागच्या चौकात होता. वडील १९८३ मध्ये गेले आणि तो माझ्याकडे आला: एक ट्रेडल यंत्र, एक प्रूफ काढायचे यंत्र, खिळ्यांची, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांची, घोडी, आणि कर्ज. ज्यांनी खिळ्यांचा छापखाना पाहिलेला नाही त्यांना सांगायला हवे, की देवनागरीचा मजकूर जुळवणे हे इंग्रजीपेक्षा कितीतरी किचकट काम. काना, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे यांचे शेकडो खण, आणि जुळाऱ्याचा हात न बघता योग्य खणात जाई. एक पान जुळले, की ते सगळीकडून दोऱ्याने आवळून बांधायचे, नाहीतर शिशाचे ते हजारो सुटे तुकडे एकमेकांना धरून राहत नाहीत. बांधलेले पान गॅलीवर, म्हणजे धातूच्या तबकावर, सरकवून यंत्राकडे न्यायचे. हे नेण्याचे काम एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा करी. तो सांवेरकडच्या एका खेड्यातला, जेमतेम हिंदी वाचणारा, पण खिळे चटकन ओळखायला शिकलेला होता. मला तो भैयाजी म्हणे.

भाद्रपद १९८६. एका मंडळाच्या गणेशोत्सवाची स्मरणिका दोन दिवसांत द्यायची होती. त्या सकाळी मंडळाचे एक पदाधिकारी प्रूफ घेऊन आले, जाहिरातीत एका देणगीदाराच्या आडनावात चूक होती, आणि त्यांनी दारात उभे राहून, गल्ली ऐकेल अशा आवाजात, वडिलांचा छापखाना मी बुडवणार आहे असे मला सुनावले. मी ‘हो साहेब’ म्हणालो. दुपारी बँकेचे पत्र आले. ऑफसेटवर छापणारे आमची कामे निम्म्या वेळात करू लागले होते आणि ते मला रोज दिसत होते. संध्याकाळी चारच्या सुमारास मुलगा गॅली उचलून यंत्राकडे निघाला, दोरा सुटला, आणि संपादकीयाचे ते सबंध पान फरशीवर विखुरले. त्याचा आवाज मला आजही ऐकू येतो: आधी एक जड धप्प, आणि मग पत्र्यावर गारा पडाव्यात तशी सगळ्या खोलीभर पसरत गेलेली टपटप.

मी त्याच्या कानशिलात मारली. मग पुन्हा एकदा. तो यंत्राच्या चाकावर आपटला आणि त्याची भुवई फुटली. त्याने हात वर केला नाही.

मग तो खाली बसला आणि एकेक खिळा वेचू लागला. संध्याकाळपर्यंत वेचत होता. क वेगळा, त वेगळा, अर्धा श वेगळा. आई चौकात आली, तिने त्याची भुवई धुऊन हळद लावली, माझ्याकडे पाहिलेही नाही, आणि आत जाऊन त्या दिवशीची त्रिपदी एकटीने म्हटली. मला ऐकू येत होती. सातला मुलगा हात धुऊन निघाला आणि पुन्हा कधी आला नाही.

रात्री उरलेले खिळे वेचायला मी बसलो तेव्हा यंत्राखाली दोरा सापडला. दोरा तुटलेला नव्हता. गाठ सुटलेली होती. ते पान सकाळी, पदाधिकारी गेल्यावर, हात थरथरत असताना मी बांधले होते.

हे मी कोणाला सांगितले नाही, आईलाही नाही. तिने ताट आणून उंबऱ्यावर ठेवले आणि ती न बोलता गेली. अपमानाने विटून ज्ञानेश्वरांनी ताटी लावून घेतली तेव्हा मुक्ताबाई बाहेर उभी राहून त्यांना आळवत होती, हे आपण सर्व जाणतो. ती धाकटी असूनही थोरल्याला सांगू शकली, कारण त्या घरात धाकट्याच्या बोलण्याला मान होता. शिवाय तिथे थोरल्याने राग स्वतःच्याच दाराआड कोंडला होता, कोणाच्या अंगावर टाकला नव्हता. माझ्या छापखान्यातल्या धाकट्याला मला हाक मारण्याची सोयच नव्हती. मीच दार उघडून बाहेर यायला हवे होते.

मी काय केले? आठ दिवसांनी त्याच्या अकरा दिवसांच्या पगाराची आणि वर वीस रुपयांची मनीऑर्डर पाठवली. ती परत आली. पोस्टमनने ‘घेण्यास नकार’ असे लिहिलेला कागद दिला, आणि मला खरे सांगायचे तर थोडे सुटल्यासारखे वाटले: मी देत होतो, त्याने घेतले नाही. या हिशेबावर मी तेहेतीस वर्षे काढली. त्या प्रसंगाच्या दोन वर्षे आधी, १९८४ च्या दंगलीत, आमच्या इंदूरचा राजवाडा जळताना मी पाहिला होता, आणि राग म्हणजे ते, जमाव आणि रॉकेलचे डबे, अशी माझी समजूत होती. त्यापुढे एका गरम डोक्याच्या मालकाने मारलेल्या दोन थपडा कोण मोजतो?

कादंबरी मोजते. म्हणूनच ती मला एवढी महत्त्वाची वाटते. तिच्यातला थोरला भाऊ दिमित्री हा रागाचा केवळ पुतळा आहे. बापाशी पैशांवरून आणि एका स्त्रीवरून त्याचे विळ्याभोपळ्याचे वैर. आणि त्या रागाच्या भरात तो एका निवृत्त, कंगाल कप्तानाची, स्नेगिऱ्योवची, दाढी धरून त्याला खानावळीतून भर चौकात फरफटत नेतो. शाळा सुटलेली असते. कप्तानाचा लहान मुलगा इल्यूशा धावत येतो, दिमित्रीचा तोच हात हातात घेऊन त्याचे मुके घेतो आणि ‘माझ्या बाबांना सोडा’ म्हणून विनवतो. दुसऱ्या दिवसापासून वर्गातली मुले त्या पोराला बापाच्या दाढीवरून चिडवू लागतात, तो दगड मारू लागतो, एकटा पडतो, आणि एके दिवशी रस्त्याने चाललेल्या अल्योशाला, तो कारामाझोव आहे एवढ्याच कारणासाठी, बोटाला कडकडून चावतो. चावा हाडापर्यंत जातो. बापाच्या घरून निघालेला राग दिमित्रीच्या हातातून कप्तानाच्या दाढीत, तिथून मुलाच्या दातांत, आणि तिथून पुन्हा त्याच घरातल्या सर्वांत निरपराध माणसाच्या बोटात. अल्योशा उलटून मारत नाही. मी तुझे काय केले ते तरी सांग, असे विचारतो, आणि ते शोधायला स्वतः त्यांच्या घरी जातो. राग तिथे थांबतो. ज्याला पुढे ढकलायला खाली कोणी सापडत नाही असे नव्हे, ज्याला पुढे ढकलायचेच नाही, अशा एका माणसाशी येऊन तो थांबतो.

आणि पैसे. दिमित्रीची वाग्दत्त वधू कप्तानाला अल्योशाच्या हाती दोनशे रूबल पाठवते. कप्तान हरखून जातो, आजारी बायकोचे औषध, मुलीचा प्रवास, घोडा आणि गाडी असे सगळे बेत बोलून दाखवतो, आणि मग एकाएकी त्या नोटा चुरगाळून पायाखाली तुडवतो. आमच्या लाजेचे पैसे घेतले तर मी माझ्या मुलाला काय सांगू, असे तो विचारतो. हे पान वाचताना मला परत आलेली मनीऑर्डर आठवली, आणि तिचे वीस रुपये कशासाठी होते हे मला प्रथमच स्वच्छ दिसले.

दिमित्रीचा उद्धार कसा होतो, हे मला फार बारकाईने वाचावेसे वाटले, कारण मी झोसिमा नाही; फार तर त्याच्यासारखा तामसी आहे. बापाच्या खुनाचा आळ त्याच्यावर येतो. खून त्याने केलेला नाही, पण तो मनाने इच्छिलेला आहे आणि तोंडाने दहादा बोललेला आहे. रात्रभर जबाब होतात, थकून तो एका पेटीवर झोपी जातो आणि स्वप्नात जळालेले खेडे, रस्त्याकडेला उभ्या काळवंडलेल्या बायका आणि थंडीने रडणारे एक तान्हे मूल बघतो. हे मूल का रडते, असे तो पुन्हा पुन्हा विचारतो. जागा होतो तेव्हा त्याच्या डोक्याखाली उशी असते. झोपताना नव्हती. कोणी ठेवली, कादंबरी सांगत नाही. आणि हा धिप्पाड, भांडखोर माणूस त्या उशीने जणू कोणी फार मोठे उपकार केले असावेत असा गहिवरतो, आणि कागदावर काय हवे ते लिहा, मी सही करतो, म्हणतो. बापाच्या खुनाबद्दल तो निर्दोष असूनही पुढे शिक्षा होते, आणि ती भोगायला तो खटल्याआधीच मनाने तयार झालेला असतो, कारण त्या रडणाऱ्या मुलाचे आपण काही लागतो हे त्याला स्वप्नात दिसले आहे. ‘दंड यथार्थ’ या शब्दांचा याहून चांगला अर्थ मला कोणी सांगितलेला नाही.

कार्तिकात, दिवाळी उरकल्यावर, मी सांवेरची बस धरली. पत्ता मनीऑर्डरच्या जुन्या पावतीवर होता. सोयाबीन निघून गेले होते, काळ्या रानांतून गव्हाची पेरणी चालली होती. जाताना मी काय बोलायचे ते मनाशी घोळवत होतो, आणि जितके घोळवावे तितके ते वाक्य माझ्याचविषयीचे होत होते: मला झोप लागत नाही, मला ओझे झाले आहे. ते ओझे आता त्याच्या दारात नेऊन उतरवण्याचा मला अधिकार आहे का, या विचाराने मी फाट्यावर उतरूनही काही वेळ तिथल्याच बाकावर बसून राहिलो.

गावात विचारले तर लोकांनी पिठाची चक्की दाखवली. तो आत धान्य ओतत होता. भुवयांवर, पापण्यांवर पीठ. डाव्या भुवईत एक रेघ, तिथे केस उगवलेले नव्हते. त्याने मला ओळखले. चक्की बंद केली, पट्टा थांबेपर्यंत कोणालाच काही ऐकू येण्यासारखे नव्हते, आणि त्या अर्ध्या मिनिटात माझी पाठ केलेली सगळी वाक्ये गेली.

मी एवढेच म्हणालो, की त्या दिवशी मी तुला मारले त्याची क्षमा मागायला आलो आहे, आणि दोरा मी बांधला होता.

“मालूम था,” तो म्हणाला. “गाँठ आपकी थी। मैं बाजू में ही खड़ा था।”

तेहेतीस वर्षे ही गोष्ट मला एकट्यालाच ठाऊक आहे असे मी धरून चाललो होतो. त्याला ती मार खातानाच ठाऊक होती. तो तेव्हा का बोलला नाही, हे विचारण्याची मला गरज नव्हती.

मी वाकलो. त्याच्या चपलांवरही पीठ होते. त्याने घाईघाईने माझे दंड धरून मला उठवले आणि दाराबाहेर बघत म्हणाला, “ऐसा मत करो भैयाजी, लोग देख रहे हैं।” त्याच्या आवाजात संकोच होता, थोडी नाराजीही होती, आणि ती रास्त होती, गावात त्याची पत आहे, एक म्हातारा अनोळखी माणूस दुपारच्या वेळी त्याच्या पाया पडतो हे त्याला लोकांना समजावून सांगावे लागणार होते. ‘माफ किया’ असे तो म्हणाला नाही. मीही ते शब्द मागितले नाहीत.

त्याने बाजेवर बसवले, आईची चौकशी केली. ती गेली हे ऐकून तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि मग त्याने हळदीची आठवण काढली. घरात चहा ठेवायला सांगितले. मग, मी काही विचारले नसताना, जमिनीकडे बघत बोलू लागला. त्या रात्री तो उशिरा घरी पोहोचला होता. धाकटा भाऊ आठ वर्षांचा. त्याच्या हातून पाण्याचा लोटा सांडला.

“बस, लोटा ही था,” तो म्हणाला. “मैंने उसे इतना मारा कि माँ ने मुझे रस्सी से खींचकर अलग किया। उससे आज तक इस बारे में कुछ नहीं बोला।”

सकाळचे पदाधिकारी, मी, तो, आणि आठ वर्षांचे एक मूल. इल्यूशाचे प्रकरण मी दोनदा वाचले होते, आणि तरी माझ्या गोष्टीत असे मूल असेल, हे माझ्या मनात कधी आले नव्हते.

तो उठला, दारात गेला आणि एका पोराला हाक मारून म्हणाला, की शेतातून छोट्याला बोलावून आण. पोर पळाले. आम्ही दोघे बसून राहिलो. चक्कीत एक चिमणी शिरून सांडलेले दाणे टिपत होती. चाळिशी ओलांडलेला एक माणूस पायांना माती, खांद्यावर गमछा अशा वेशात आला, मला नमस्कार करून आपण का बोलावले गेलो हे न समजून उभा राहिला, आणि थोरल्याने त्याला हाताला धरून आपल्याजवळ बाजेवर बसवले. इंदूरहून भैयाजी आलेत, ज्यांच्याकडे मी कामाला होतो, एवढेच त्याने सांगितले. आतून चहा आला. तीन ग्लास होते. रीतीप्रमाणे पहिला ग्लास पाहुण्याचा, म्हणून धाकटा तो उचलून माझ्यापुढे करू लागला, तेव्हा थोरल्याने त्याचे मनगट धरले.

“पहले तू ले,” तो म्हणाला, आणि धाकट्याने घोट घेईपर्यंत त्याने ते मनगट सोडले नाही.